ओळखीचं पाणी

बिल्ल्यामागची टाचणी वाकलेली होती, त्यामुळे तो खिशावर सरळ बसत नव्हता — सारखा उजवीकडे कलायचा, आणि अप्पा दर दोन मिनिटांनी अंगठ्यानं त्याला ताळ्यावर आणायचे. पितळेचा, जुन्या रुपयाएवढा, मधलं चाक झिजून गुळगुळीत झालेलं, पण कडेची अक्षरं अजून वाचता येत होती... ‘सुरक्षित सेवा, २५ वर्षे’. एसटीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेला ड्रायव्हर मंगळवारच्या सकाळी, घरातल्या घरात, इस्त्रीचा शर्ट घालून त्यावर बिल्ला लावून चहा पितो, याला काय म्हणायचं? संघप्रियासमोर लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर विमान कंपनीचा फॉर्म होता, आणि फॉर्म सोडून ती वडिलांच्या बिल्ल्याकडे बघत होती.

बिल्ला आज पेटीतून तिच्यासाठी बाहेर निघाला होता. काल सकाळी नऊच्या सुमाराला हैदराबादहून कोल्हापूरला येणारं विमान ढगातून उतरताना एका डोंगरावरच्या मनोऱ्याच्या अंगावर निघालं होतं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या कॅप्टनच्या हातातून तिनं, सहवैमानिकानं, ते काढून घेतलं आणि वर उचललं. आत एकसष्ट प्रवासी. वीस मिनिटांनी तेच विमान फिरून आलं, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर नीट टेकलं, आणि प्रवासी बॅगा ओढत रिक्षांच्या मागे लागले... निम्म्यांना वाटलं असेल, पायलटनं एक जादा फेरी मारली, तेवढंच कोल्हापूर वरून बघून झालं. हे सगळं खरं होतं. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणून तिला अभिमान वाटत होता — लपवायचा कशाला, चांगला छाती भरून वाटत होता.

अप्पांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. सकाळपासून हा पाचवा फोन. डेपोतल्या कुणा जुन्या दोस्ताला ते सांगत होते, आणि आवाज असा की मध्ये फोन नसता तरी चाललं असतं.

"आरं, कप्तान म्हंजी कोण सादासुदा न्हवं. हंबीरराव! तीस वर्सं इमान चालवतोय त्यो. सरदारकीचं घराणं. त्येच्या हातातनं माझ्या पोरीनं काढून घेटलं. व्हय... मागंपुढं बघितलं न्हाय तिनं. इचारलंबी न्हाय."

विचारलं नाही — तिथे तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

फॉर्म तसा साधा होता. ढग कुठे होते, उंची किती होती, इशारा कुठला वाजला. नवव्या रकान्यात प्रश्न होता : धोका लक्षात आल्यावर आपण काय केले, आणि किती वेळात? त्या रकान्यात तिनं उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, एक इंग्रजी शब्द टाकला होता. अर्थ एवढाच, की लगेच. सिम्युलेटरमध्ये हे शंभरदा घोटून घेतलेलं असतं... खाली डोंगर किंवा मनोरा आहे असं यंत्र ओरडलं की वाद घालायचा नाही, खिडकीतून शोधत बसायचं नाही, ताकद पूर्ण द्यायची, नाक वर करायचं आणि ओरडणं थांबेपर्यंत चढत राहायचं. शंका असली तर ती वर जाऊन काढायची. तिनं तेच केलं होतं. हातांनी स्वतःहून केलं होतं. तिला अजून तळव्यात इंजिनाच्या ताकदीचा तो दांडा पुढे सरकतानाचा दाब जाणवत होता — एवढा स्वच्छ दाब तिला आयुष्यात दुसऱ्या कशाचा आठवत नव्हता. मग ‘लगेच’ या शब्दाकडे बघताना डोळे का घसरत होते? चपलेत खडा असावा तसा तो शब्द टोचत होता, आणि चालता तर येत होतं.

अप्पांनी फोन ठेवला, बिल्ला सरळ केला.

"झालं का लिवून?"

"होतंय."

"सगळं लिव. काय मागं ठिवू नगंस. तू काय वावगं केलं न्हाईस."

जयसिंग हे नाव अप्पांना शोभायचं ते त्यांच्या मानेमुळे. अशी ताठ मान तिनं दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती, आणि ती आयती मिळालेली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते शाहूवाडीकडच्या वस्तीच्या गाडीवर होते. गाडी मुक्कामाला थांबली की कंडक्टरला घरात बोलावून ताट वाढायचे आणि ड्रायव्हरचा चहा ओसरीवर, वेगळ्या कपात यायचा. अप्पांनी तक्रार केली नाही, भांडणही केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा डबा आणि स्वतःचा कप बरोबर न्यायला लागले, आणि चहा आला की हसून म्हणायचे, झालाय माझा. हे तिला आईनं सांगितलं होतं, अप्पांनी कधीच नाही. अप्पांनी फक्त एकच गोष्ट सांगितली होती, ती मात्र तिला अ आ इ ई बरोबर पाठ झाली : बोलताना मान वर, आणि चूक असंल तर चूक म्हणायचं, समोर कोण का असंना.

तेच तर केलं ना मी... चूक म्हटलं ना मी. समोर हंबीरराव होते तरी म्हटलं.

दारात धोंडुबाई आल्या. शेजारच्या घरातल्या, सत्तरीच्या, आणि त्यांच्या हातात वाटी असली तरी वाटी हे निमित्त असतं हे गल्लीला माहीत होतं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत निरखलं, कुठे खरचटलंय का ते पाहिलं, आणि कुठेच खरचटलेलं नाही म्हटल्यावर जराशा हिरमुसल्या.

"आगं, मी काल धुणं वाळत घालत हुतो, तर ह्ये एवढं खाली इमान गेलं. म्हटलं हीच का काय आपली. आमचं घर दिसतंय का गं वरनं?"

"दिसतं की आजी. ढग नसले तर."

आई आतून आली, पदराला हात पुसत. अंजना कमी बोलायची. घरात बोलण्याचं खातं अप्पांकडे होतं. तिनं धोंडुबाईंच्या हातातली वाटी घेतली आणि सहज, भाजीचं विचारावं तसं, विचारलं —

"आन् तलाव? काल दिसला का गं आपला तलाव?"

संघप्रियाला उत्तर द्यायचं तर खरं द्यावं लागलं असतं. ती लॅपटॉप मिटून उठली आणि जिना चढून गच्चीवर गेली.

गच्चीवरून कळंब्याचा तलाव दिसतो. सगळा नाही, मधली दोन घरं आणि नारळाची झावळी सोडून उरतो तेवढा... पण उरलेला तिला डोळे मिटून काढता आला असता. बांध, बांधाला धरून रस्ता, सांडव्याजवळची ती कातळाची पायरी जिथून अप्पांनी तिला सातव्या वर्षी पाण्यात सोडलं होतं, कमरेला रिकामा डबा बांधून, आणि स्वतः काठावर उभं राहून ओरडत होते, हात मार, हात मार. अलीकडे तुरुंगाची लांब भिंत. लहानपणी तिला वाटायचं, ती भिंत तलाव पळून जाऊ नये म्हणून बांधलीय. या पाण्याचा आकार तिला स्वतःच्या तळहातासारखा माहीत होता. म्हणून तर...

काल वारा पूर्वेचा होता. शहराच्या पश्चिमेला वळसा घालून, डोंगरांवरून खाली यायचं होतं. दसरा होऊन आठवडा झाला तरी ढग हटले नव्हते. पांढऱ्या गोधडीला भोकं पडावीत तशी मध्ये मध्ये जमीन दिसायची आणि झाकायची. अशा वेळी खिडकीवर विसंबायचं नसतं. धावपट्टी किती मैल राहिली आणि तिथे उंची किती हवी, ही जोडी कागदावर ठरलेली असते. विमान कॅप्टन चालवतो, आणि शेजारच्यानं ती जोडी बघत राहायची, चुकली की बोलायचं. शेजारची ती होती. तिचं काम एवढंच होतं — बोलायचं.

पण त्याआधी वर, चहाच्या वेळी, एक गोष्ट घडली होती. छोटीशी, कुणी तिला घटनाही म्हणणार नाही.

तोपर्यंत हंबीरराव इंग्रजीत बोलत होते, सगळे बोलतात तसं, मोजकं आणि इस्त्रीतलं. विमान वर स्थिर झालं, चहा आला, तेव्हा त्यांनी विचारलं, गाव कुठलं. ती ‘कळंबा’ म्हणाली मात्र, आणि त्यांचं इंग्रजी गळूनच पडलं.

"कोल्हापूरचं कळंबा? आगं, मग आधी न्हाय का सांगायचं! मी गडहिंग्लजकडचा. शाळंला कोल्हापुरातच हुतो, सायकल हाणत पवायला यायचो तुमच्या तलावावर."

आणि मग पुढचा प्रश्न आला. तो येणार हे तिला माहीत होतं, कारण गाव विचारल्यावर तो येतोच.

"कळंब्यात कुठं?"

गावात कुठं, यावरून सगळं कळतं. आडनावापर्यंत जायची गरज पडत नाही. "बुद्धविहाराच्या मागं," ती म्हणाली, मान वर ठेवून, पाठ केल्यासारखी. हंबीररावांनी चहाचा एक घोट घेतला. एक घोट घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, जास्त नाही, तिनं मोजला होता — असे घोट मोजायची तिला लहानपणापासून सवय होती. मग त्यांनी कप ठेवला आणि मोकळं हसून म्हणाले —

"आपलीच की मग. सर-बिर सोड आता. काका म्हण."

आणि तिला बरं वाटलं. खरं ते असं, की नुसतं बरं वाटलं नाही. अंगावर मूठभर मांस चढलं. एवढा मोठा माणूस, एवढं मोठं घराणं, आणि आपली म्हणाला... ओसरीवर नाही, आत. त्यांच्या मनात खोट नव्हती, आजही तिला त्यांच्याबद्दल तसं म्हणवत नव्हतं. खोट असलीच तर ती तिच्या बरं वाटण्यात होती. पायलट झाली होती ती, नऊशे तास उडवलं होतं हे विमान तिनं, महिन्याभरानं कॅप्टनपदाची परीक्षा होती तिची — आणि तिला अजून कुणीतरी आत बोलावल्याचा आनंद होत होता. तो आनंद घेऊनच ती ढगात उतरली. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. दोघं बोलत राहिले, रंकाळ्याच्या भेळेबद्दल, तिच्या शाळेतल्या बाईंबद्दल, ज्या निघाल्या त्यांच्याही बाई.

आठ मैल राहिल्याचं यंत्र दाखवत होतं. उंची बरोबर होती, जोडी जुळत होती. तेवढ्यात डावीकडे ढगाला भोक पडलं आणि खाली पाणी चमकलं. हंबीररावांनी हात लांब करून तिला दाखवलं, आनंदानं, पाहुण्याला अंगण दाखवावं तसं.

"ह्यो बघ, आला तुमचा तलाव. कळंबा! म्हंजी साडेचार मैलच ऱ्हायलं की. ह्यो आकडा सकाळपास्नं येड्यागत करतोय."

सकाळी निघताना तो आकडा दोनदा अडकला होता, हेही खरं. तेव्हा त्यांच्या म्हणण्याला आधार नव्हता असं नाही. परक्या मुलखातला कुणी असता तर त्याला कळंबा आणि कोण, काही माहीत नसतं. आकड्याचं बोट धरून निमूट आला असता. हंबीरराव या मातीतले होते, म्हणून फसले. पाऊस सरताना त्या बाजूचा प्रत्येक पाझर तलाव तुडुंब भरलेला असतो, आणि वरून भरलेलं पाणी सगळं एकाच पाण्यासारखं दिसतं. ज्याला ओळखीचं काही दिसावं असं वाटत असतं, त्याला तर दिसतंच. साडेचार मैलांच्या हिशोबानं आपण हव्या उंचीपेक्षा हजार फूट वर आहोत असं समजून त्यांनी विमान खाली दाबलं.

तिनं वाकून पाहिलं. तो कळंबा नव्हता.

हे कळायला तिला वेळ लागला नाही, हीच तर गोष्ट होती. बांधावर रस्ता नव्हता. भिंत नव्हती. तांबड्या मातीचा एक उघडा बांध आणि मागे गच्च झाडी... म्हणजे आकडा वेडा नव्हता, आकडा शहाणा होता, आठ मैल म्हणजे आठच मैल होते, खाली डोंगर होते आणि विमान डोंगरात उतरत होतं. साऱ्या आकाशात हे एकटीला माहीत होतं तिला. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, हा कळंबा नाही. चार शब्द सुद्धा नाहीत.

त्यांचा हात अजून खिडकीकडेच होता. चेहरा तिच्याकडे वळलेला, हसरा, ती खूश होईल याची वाट बघणारा.

"व्हय, काका," ती म्हणाली.

गच्चीच्या कठड्याला तिनं दोन्ही हात टेकले. ऊन वर आलं होतं. खाली अप्पांचा सहावा की सातवा फोन चालू होता. त्यानंतर किती सेकंद गेले? काल रात्रीपासून ती ते मोजत होती आणि दर वेळी वेगळे येत होते. पंधरा, कधी वीस. मग यंत्र बोललं, पुढे अडथळा आहे. ती म्हणाली, "काका, जरा बघता का..." आणि ते म्हणाले, "दिसतंय की मला, त्यो आकडाच चुकलाय, त्येचंच ऐकून वराडतंय ते." मग भोक मिटलं, सगळं पांढरं झालं, आणि यंत्रानं दुसरा, शेवटचा इशारा दिला, वर ओढा, वर ओढा — आणि तेव्हा कुठे तिच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं, खणखणीत, कुणाची पुतणी नसलेलं इंग्रजी. विमान माझ्या ताब्यात. हंबीररावांनी तत्क्षणी दोन्ही हात वर घेतले. हुज्जत नाही, काही नाही. पांढऱ्यात चढताना उजव्या पंखाखालून मनोऱ्याचं लाल-पांढरं टोक मागे सरकलं. वर ऊन लागलं. मग ते हळू म्हणाले, "बरं केलंस, पोरी."

बरं केलं होतंच. पण यंत्र बोललं म्हणून ती बोलली. यंत्र बोललं नसतं तर — तिनं ‘व्हय’ म्हणून एकसष्ट माणसं डोंगरावर उतरवली असती, केवळ एका माणसानं दाखवलेला जिव्हाळा मोडू नये म्हणून. हे अप्पांच्या कुठल्या फोनमध्ये बसणार होतं?

बाराच्या सुमाराला हंबीररावांचाच फोन आला. आवाज दमलेला होता, पण मोकळा.

"लिवून धाडलं बघ मी. जे झालं ते लिवलं. दुसरंच पाणी बघून कळंबा समजलो. कोल्हापूरकर आसून, बोल!" ते थोडं हसले आणि थांबले. "तुझं बी लिवलंय. म्हटलं, पोरगी उजव्या अंगाला बसलेली, पाणी डाव्या अंगाला, तिला बिचारीला काय दिसणार. इशारा वाजला तशी लगीच बोलली ती. पुढल्या म्हैन्यात कॅप्टनचं हाय न्हवं तुझं? त्यात खोट नगं. माझं काय, दोन वर्सं ऱ्हायल्यात. तूबी तसंच लिव. काय?"

"व्हय, काका."

फोन ठेवल्यावर तिला हातातल्या फोनचीच शिसारी आली. पुन्हा. दोन दिवसांत, दुसऱ्यांदा, तोच माणूस तितक्याच मायेनं चुकीचं पाणी दाखवत होता आणि तिनं तितक्याच मायेनं हो म्हटलं होतं. पहिल्यांदा निदान ढग होते. या वेळी भर दुपारचं ऊन होतं, समोर खरा कळंबा होता, आणि कुठलं यंत्र ओरडायला येणार नव्हतं.

नाही म्हणायचं तर कुणासाठी? कॉकपिटमधलं बोलणं कुणी ऐकेल, न ऐकेल. ‘व्हय, काका’ या दोन शब्दांत कुणाला काय सापडणार? लिहिलं तर परीक्षा लांबेल, कदाचित वर्षभर. हंबीररावांचा मोठेपणा खोटा पडेल. आणि अप्पा... कंपनीचं, परीक्षेचं तिला तेवढं काही वाटत नव्हतं, हे तिला गच्चीवरच, तापल्या कठड्यावर हात ठेवून उभं असताना कळलं. भीती एकाच माणसाची होती. ज्यानं ओसरीवरचा चहा हसून नाकारला, त्याच्या लेकीनं आतला चहा मिळाल्याबरोबर मान डोलावली, हे त्याला कळू नये, एवढीच भीती होती.

जेवणं झाली. अप्पा बिल्ल्यासकट वामकुक्षी करून उठले. चार वाजता ती टेबलाशी बसली, नवव्या रकान्यातला तो एक शब्द पुसला आणि लिहायला लागली. हात काल दांडा पुढे सरकताना होता तसाच स्थिर होता... थोडा जडच, पण स्थिर.

"वाच की," अप्पा समोर येऊन बसले. "मराठीत वाच. तुझ्या आईलाबी ऐकू दे."

आई दारात टेकून उभी राहिली. संघप्रिया वाचायला लागली. ढग वाचले, उंची वाचली, अडकलेला आकडा वाचला. अप्पा एकेका वाक्याला मान हलवत होते, जणू पावती फाडत होते. मग ती म्हणाली, "कॅप्टन म्हणाले, हा कळंबा तलाव. तो कळंबा नाही, हे मी पाहताक्षणी ओळखलं होतं. मी ते सांगितलं नाही. मी हो म्हटलं."

अप्पांची मान हलायची थांबली.

"म्हंजी? वळाखलं हुतंस तू?"

"व्हय."

"आन् गप बसलीस?"

"गप नाही बसले. हो म्हणाले."

"का?" हा प्रश्न त्यांनी ओरडून विचारला नाही. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. वीस वर्षांपूर्वी काठावर उभं राहून ओरडणारा माणूस आता अगदी हळू विचारत होता, आणि बगल द्यायला जागा नव्हती.

"मी बुद्धविहाराच्या मागं राहते, हे सांगितल्यावर त्यांनी मला आपली म्हटलं होतं, अप्पा. काका म्हण म्हणाले. ते मोडवेना मला."

बाहेर कुणाच्या तरी दारात कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. अप्पा खिडकीकडे बघत होते. तिला वाटलं, आता ते उठून जातील. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होती ती, आणि तिथे राग नव्हता. जे होतं ते तिनं या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. ते तिला ओळखत होते. ती काय म्हणतेय ते त्यांना पुरतं कळलं होतं, जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळलं होतं, आणि कळल्याचा त्यांना त्रास होत होता.

"सकाळपास्नं आट जणांस्नी फोन केलाय मी," शेवटी ते म्हणाले. "आता त्येस्नी काय सांगू?"

"जे झालं ते."

"व्हय..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "सांगतो. तसंच सांगतो."

आई दारातूनच म्हणाली, "आन् त्येस्नी कोण सांगणार? त्या काकांस्नी?" मग अप्पाही म्हणाले, "त्येस्नी आधी फोन कर. कागद मागनं धाड. पाठीमागनं केलेलं दिसाय नगं. मानूस वाईट न्हाय त्यो."

वाईट नाही, हेच तर सगळ्यात अवघड होतं. वाईट असते तर इंग्रजी पुरलं असतं. कॅप्टन, सर, माझ्या निवेदनात तफावत आहे... असं म्हणून मोकळी झाली असती ती, आणि ते तिथे आणि ती इथे, पुन्हा आपापल्या ओसरीवर. क्षणभर तिला तो मोह झाला. सोपा, स्वच्छ, नियमातला मोह. पण कालपासून ज्या शब्दानं तिची जीभ बांधली होती, तो शब्द टाकून देऊन ही गोष्ट सांगितली तर सांगितल्यासारखी होणारच नव्हती, असं तिला आतून वाटलं. त्यांनी आपली म्हटलं होतं ना? मग आपल्या माणसासारखंच ऐकून घेऊ दे त्यांना.

तिनं नंबर लावला. अप्पा आणि आई दोघंही गेले नाहीत, तिथेच राहिले. पलीकडे घंटा वाजायला लागली. सकाळचा तो अभिमान अजून आहे का, हे तिनं चाचपून पाहिलं... होता. मात्र सकाळी तो अप्पांच्या आवाजात बोलत होता, गल्लीभर; आता तो गप्प होता, एकटा होता, त्याला कुणी फोन करून दाद देणार नव्हतं, आणि तरीही तो सकाळपेक्षा तिचा होता. तिसरी घंटा झाली. ते उचलतील तेव्हा पहिला शब्द ‘काका’ म्हणायचा, हे तिनं ठरवलं होतं. आणि दुसरा, ‘न्हाय’.